इंग्लंडमधील घर खरेदी-विक्री : कायदेशीर प्रश्न

इंग्लंडमध्ये घराची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे देण्याच्या कायदेशीर कामाला कन्व्हेयन्सिंग म्हणतात. ते सॉलिसिटर किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सर करतात. या दुसऱ्या वर्गाला १९८५ च्या कायद्याने मान्यता मिळाली. वेल्समध्ये जमिनीचा कायदा बहुतांशी हाच आहे, पण घरखरेदीवरचा कर वेगळा. स्कॉटलंडची पद्धत मुळातच निराळी असल्याने ती या नोंदीत घेतलेली नाही.

या व्यवहारात पडणारे बहुतेक प्रश्न एका घटनेभोवती फिरतात : कराराच्या प्रतींची अदलाबदल, म्हणजेच एक्स्चेंज. त्याआधी कोणीच बांधील नसते आणि त्यानंतर दोघेही पुरते बांधले जातात. म्हणून जे विचारायचे, तपासायचे, भांडायचे ते एक्स्चेंजपूर्वी.

एक्स्चेंजपूर्वी

१९८९ च्या कायद्यानुसार जमिनीच्या विक्रीचा करार लेखी हवा, ठरलेल्या सगळ्या अटी त्यात हव्यात आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. इस्टेट एजंटने ‘तुमची ऑफर मान्य झाली’ असे कळवले, तरी तो करार नव्हे. महाराष्ट्रात टोकन देऊन पावती घेतली की सौदा पक्का झाल्याची भावना असते. इंग्लंडमध्ये या टप्प्यावर सहसा टोकनही दिले जात नाही. घराच्या बांधकामाचे सर्वेक्षण झाले, वकिलाची फी चढली, बँकेने कर्ज मंजूर केले, तरी विक्रेता जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्याला घर देऊ शकतो. याला गझम्पिंग म्हणतात. खरेदीदारही ऐन वेळी भाव पाडून मागू शकतो. दोन्ही गोष्टी संतापजनक आहेत, पण बेकायदा नाहीत, आणि खर्च ज्याचा त्याने सोसायचा असतो. काही काळ दुसऱ्या कोणाशी बोलणी करणार नाही असा स्वतंत्र लेखी करार करता येतो. प्रत्यक्षात तो फारसा कोणी करत नाही.

उशिराचे दुसरे कारण साखळी. तुम्हाला घर विकणारा स्वतः दुसरे घर घेत असतो, त्याचा विक्रेता तिसरे. साखळीतले सगळे तयार झाल्याशिवाय कोणीच एक्स्चेंज करत नाही, त्यामुळे एकाचे कर्ज अडले की सगळ्यांचे सामान खोक्यांत पडून राहते.

विक्रेत्याने काय सांगायला हवे?

मूळ नियम असा की दोष शोधणे हे खरेदीदाराचे काम. मालकी हक्कातले लपलेले दोष विक्रेत्याने उघड करावे लागतात. छत गळते, भिंत ओली होते हे त्याने आपणहून सांगण्याची सक्ती नाही. मात्र प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर खोटे निघाले, तर १९६७ च्या दिशाभूलविषयक कायद्याखाली भरपाई मिळते, प्रसंगी सारा व्यवहार रद्दही होतो. टीए ६ हा मालमत्तेच्या माहितीचा छापील अर्ज यासाठीच असतो. हद्दी कोणाच्या, शेजाऱ्यांशी वाद आहेत का, बांधकामाच्या परवानग्या आहेत का, जपानी नॉटवीड ही चिवट वनस्पती आवारात आहे का, असे प्रश्न त्यात असतात.

दोन खटले शेजारी ठेवले की नियमाची धार कळते. वेकफील्डमधल्या एका घरात पूर्वी खून झाला होता. विक्रेत्यांना ते ठाऊक होते. ‘खरेदीदाराला कळण्याचा हक्क आहे असे तुम्हाला वाटते अशी आणखी काही माहिती आहे का?’ या प्रश्नाला त्यांनी ‘नाही’ लिहिले. २००४ मध्ये अपील न्यायालयाने खरेदीदारांचा दावा फेटाळला, कारण प्रश्न विक्रेत्यांच्या समजुतीविषयी होता आणि त्यांची समजूत प्रामाणिक होती. दुसरे प्रकरण लंडनच्या नॉटिंग हिलमधले. २०१९ मध्ये ३ कोटी २५ लाख पौंडांना विकल्या गेलेल्या घराच्या भिंतींत, लोकरीच्या इन्सुलेशनमध्ये, पतंगांची प्रचंड पैदास झालेली होती. कीड लागल्याचे माहीत आहे का, असे खरेदीदाराच्या वकिलांनी स्पष्ट विचारले होते आणि उत्तर नकारार्थी आले होते. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हा व्यवहारच रद्द ठरवला. एका जागी ढोबळ प्रश्न, दुसऱ्या जागी नेमका. खरेदीदाराने वकिलाकडून नेमके प्रश्न लेखी विचारून घ्यावेत आणि विक्रेत्याने नक्की माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ असेच लिहावे.

घरासोबत काय राहणार, हेही लिहून घ्यायचे असते. पडदे, गालिचे, दिवे, ओव्हन यांसाठी टीए १० हा वेगळा अर्ज आहे. रक्कम छोटी असली तरी ताबा घेतल्यावरचे भांडण बहुधा यावरूनच होते.

मालकीची नोंद आणि शोध

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला इथे सर्वांत मोठा फरक जाणवतो. भारतात दस्त नोंदवला जातो. विकणारा खरा मालक आहे की नाही हे जुन्या दस्तांचा सर्च घेऊन वकिलाने पारखायचे असते. इंग्लंडमध्ये १८६२ साली स्थापन झालेली लँड रजिस्ट्री मालकीच नोंदवते, त्या नोंदीमागे शासनाची हमी असते आणि नोंद चुकल्याने नुकसान झाले तर भरपाईची तरतूद आहे. १ डिसेंबर १९९० पासून इंग्लंड व वेल्समध्ये सर्वत्र विक्रीनंतर नोंदणी सक्तीची आहे. ७ पौंड भरून कोणीही कोणत्याही नोंदवलेल्या घराचा उतारा ऑनलाइन काढू शकतो : मालक कोण, कर्ज कोणाचे, बंधने कोणती. विक्रेत्याच्या नावाची खात्री वकिलाच्या आधी स्वतःच करून घेता येते आणि ती करावी.

बंधने म्हणजे पूर्वीच्या मालकाने घातलेल्या अटी : आवारात दुसरे घर बांधू नये, धंदा करू नये. १८४८ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या बागेवरून झालेल्या खटल्यात अशा अटी पुढच्या खरेदीदारावरही लागू राहतात असे ठरले, आणि तो नियम आजही जिवंत आहे.

याशिवाय वकील स्थानिक परिषदेकडे (तिथली पालिका), पाणी कंपनीकडे आणि पर्यावरणविषयक माहितीसाठी शोध घेतो. जुन्या कोळसा पट्ट्यात खाणींचाही. विनापरवाना वाढवलेली खोली सापडली तर विक्रेता बहुधा विमा काढून देतो. तो विमा परिषदेच्या कारवाईचे नुकसान भरून देईल. खोली धड बांधलेली आहे की नाही याचे उत्तर त्यात नसते. ते उत्तर सर्वेक्षकाकडून घ्यावे. बँकेचे मूल्यांकन म्हणजे सर्वेक्षण नव्हे, ते बँकेसाठी असते.

लीजहोल्ड

इंग्लंडमधले फ्लॅट जवळजवळ सगळे लीजहोल्ड असतात. विकत घेतली जाते ती ठरावीक वर्षांची भाडेपट्ट्याची मुदत. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाची राहते. इथे गृहनिर्माण संस्थेची सवय घेऊन गेलेला माणूस हमखास गोंधळतो. सर्व्हिस चार्ज म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स असे समजून तो पुढे जातो, पण अनेक इमारतींत दुरुस्ती केव्हा आणि कोणाकडून करायची हे रहिवासी ठरवतच नाहीत.

पहिला प्रश्न : किती वर्षे उरली? ८० वर्षांखाली गेलेली मुदत वाढवणे एकदम महाग होते, कारण वाढीमुळे फ्लॅटच्या किमतीत जी भर पडते तिचा वाटा फ्रीहोल्डरला द्यावा लागतो. कर्ज देणाऱ्या संस्थाही कमी मुदतीच्या फ्लॅटला बिचकतात. १९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकाला ९० वर्षांची वाढ मागण्याचा हक्क दिला. त्यासाठी घर घेऊन दोन वर्षे थांबावे लागे. ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. २०२४ च्या सुधारणा कायद्यात ९९० वर्षांची वाढ आणि किमतीतला वाटा रद्द करण्याची तरतूद आहे, पण या कायद्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होतात. कोणते कलम सुरू झाले आहे हे व्यवहाराच्या दिवशी तपासूनच निर्णय घ्यावा.

दुसरा प्रश्न ग्राउंड रेंटचा, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायच्या जमीनभाड्याचा. ३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या निवासी लीजमध्ये ते आकारता येत नाही. जुन्या लीजमध्ये दर काही वर्षांनी दुप्पट होण्याची अट असू शकते आणि असा फ्लॅट पुढे विकणे अवघड जाते. तिसरा प्रश्न इमारतीच्या सुरक्षिततेचा. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ जण गेले. त्यानंतर आलेल्या २०२२ च्या कायद्याने ११ मीटर किंवा पाच मजल्यांपासून पुढच्या इमारतींतल्या पात्र फ्लॅटधारकांना धोकादायक बाह्य आवरण काढण्याच्या खर्चापासून संरक्षण दिले. विकत घेतला जाणारा फ्लॅट पात्र आहे का, याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

नावे कोणाची, पैसे कोणाचे?

दोघांनी मिळून घर घेताना मालकी दोन तऱ्हांनी ठेवता येते. संयुक्त मालकीत एकाच्या मृत्यूनंतर सारे घर आपोआप दुसऱ्याचे होते, मृत्युपत्रात काहीही लिहिलेले असो. हिश्शाच्या मालकीत प्रत्येकाचा वाटा त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे जातो. एकाने जास्त पैसे घातले असतील तर दुसरी तऱ्हा घेऊन हिस्सा लेखी नोंदवावा.

मराठी कुटुंबांत पैसे अनेकदा आईवडिलांकडून येतात. २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांखाली वकील त्या पैशांचा माग विचारतो : बँकेची खातेपत्रके, मुदत ठेवीच्या पावत्या, पुण्याचा फ्लॅट विकला असेल तर त्याचे खरेदीखत. भारतात राहणारी व्यक्ती उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठवू शकते, म्हणून तयारी लवकर सुरू करावी. ही भेट आहे, घरात आमचा हिस्सा नाही, असे पत्रही बँक मागते. त्यामागे १९८० चा एक निकाल आहे. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर, पैसे बायकोचेही, आणि ती तिथे राहत होती. कर्ज थकल्यावर घराचा ताबा मागणाऱ्या बँकेला तिच्या हक्कापुढे थांबावे लागले. त्यामुळे घरात राहणाऱ्या प्रौढ माणसांची सही आता आधीच घेतली जाते. आईवडिलांनी आयुष्याची पुंजी घातली असेल आणि ते त्याच घरात राहणार असतील, तर त्यांनी असे पत्र देण्याआधी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यायलाच हवा.

एक्स्चेंज ते ताबा

विक्रेता आणि खरेदीदार कराराच्या एकसारख्या दोन प्रतींवर वेगवेगळ्या सह्या करतात आणि आपापल्या वकिलाकडे देतात. ठरल्या दिवशी दोन वकील फोनवर बोलतात : सही केलेली प्रत हाताशी आहे याची खात्री देतात, ताब्याची तारीख लिहितात आणि वेळ फाइलमध्ये नोंदवतात. त्या क्षणी करार झाला. खरेदीदाराने साधारणपणे १० टक्के रक्कम दिलेली असते. माघार घेतली तर ती जाते. प्रचलित प्रमाणित अटींनुसार घराची जोखीमही त्या क्षणापासून खरेदीदाराची, म्हणून इमारतीचा विमा किल्ली मिळाल्यावर नव्हे, एक्स्चेंजच्या दिवसापासून हवा.

ठरल्या तारखेला पैसे आले नाहीत तर १० कामकाजी दिवसांची नोटीस देता येते, त्यानंतर करार मोडता येतो. याच दिवसांत ईमेल हेरून वकिलाच्या नावे ‘आमचा खाते क्रमांक बदलला’ असे कळवणारे चोर सक्रिय असतात. आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन केल्याशिवाय एक पौंडही पाठवू नये.

कर

स्टॅम्प ड्यूटीचे, म्हणजे घरखरेदीवरच्या कराचे, विवरण ताब्यानंतर १४ दिवसांत भरावे लागते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ४ लाख पौंडांच्या घरावर १०,००० पौंड कर पडतो. पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला तोच ५,०००. हे दुसरे घर ठरले तर ५ टक्के अधिभार धरून ३०,०००. यातली अडचण अशी की दुसरे घर जगात कुठेही असले तरी मोजले जाते. ठाण्यातल्या फ्लॅटमधला हिस्सा ४०,००० पौंडांचा किंवा त्याहून अधिक असेल तर अधिभार लागू शकतो, आणि पती-पत्नी एकच धरले जातात. पहिल्या घराची सवलतही भारतात कधी घर घेतलेल्याला मिळत नाही. गेल्या तीन वर्षांत वारशाने आलेला निम्मा किंवा त्याहून कमी हिस्सा मात्र अधिभारासाठी धरला जात नाही. वकिलाने विचारले नाही तरी भारतातल्या मालमत्तेची माहिती त्याला आधीच द्यावी, कारण विवरणावरची जबाबदारी खरेदीदाराची असते.

विक्रेत्याने स्वतः राहिलेल्या घरावर भांडवली नफा कर सहसा लागत नाही. मायदेशी परतून अनिवासी झालेल्याने इंग्लंडमधले घर विकले, तर कर निघत नसला तरी ताबा दिल्यापासून ६० दिवसांत तिथल्या कर खात्याला विवरण द्यावे लागते, न दिल्यास दंड होतो.