इकोमधलं भोक: खरं छिद्र की नुसता ड्रॉपआउट?

शाळेत तपासणी होते, डॉक्टरला पोराच्या छातीत मर्मर (ठोक्यांबरोबरचा जादा आवाज) ऐकू येते, मग जळगाव नाहीतर धुळ्याला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि स्क्रीनवर वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात काळा गॅप दिसला की घरात रडारड सुरू, "पोऱ्याना काळीजमा भोक शे". थांब ना भो, तो गॅप कुठल्या अँगलने दिसला ते तर बघ.

त्या पडद्याचा मधला भाग, फोसा ओव्हॅलिस, मुळातच एकदम पातळ. प्रोब (अंगावर टेकवायचा, ध्वनिलहरी सोडणारा दांडा) हृदयाच्या टोकापाशी ठेवून चारही कप्पे बघतात तेव्हा लहरी पडद्यावर आदळत नाहीत, जवळपास त्याला समांतर जातात, पातळ भागावरून परत काही येतच नाही आणि मशीन तिथं काळं दाखवतं. खापरावरचा मांडा कडेने डोळ्यासमोर धरा, गायब! हा झाला ड्रॉपआउट, पडदा शाबूत आहे.

खरा एएसडी, म्हणजे या पडद्यातलं खरं छिद्र, पकडायचा तर प्रोब छातीच्या हाडाखाली, पोटावर ठेवायचा. या सबकॉस्टल व्ह्यूमध्ये लहरी पडद्यावर समोरून आदळतात, त्यामुळे ड्रॉपआउटवाला पडदा सलग दिसतो आणि खरं छिद्र असेल तर गॅप इथंही राहतो, वर त्याच्या कडा बऱ्याचदा जाड, चमकदार दिसतात. कलर डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी इकोची सोय) रक्त सहसा डावीकडून उजवीकडे जाताना दिसतं, आणि छिद्र मोठं असेल तर उजवे कप्पे फुगतात. छोट्या छिद्रात नाही फुगत, म्हणून नुसतं "उजवी बाजू नॉर्मल" यावर सुटका नाही.

कलरवरही डोळे झाकून भरवसा नको. खालच्या महाशिरेतून येणारं रक्त पडद्याला घासून जातं आणि छिद्रातूनच आल्यासारखं वाटतं. त्या शिरेच्या तोंडाशी युस्टेशियन व्हॉल्व्ह नावाची झडप असते, पोटातल्या बाळाचं रक्त डावीकडे वळवायला, ती काहींच्यात मोठेपणीही लोंबत राहते आणि कधी तिलाच गाठ समजतात.

पीएफओ हे तिसरंच प्रकरण, त्यात पडद्याची जन्माआधीची फट नीट चिकटलेली नसते, साधारण २५ टक्के मोठ्या माणसांत सापडते आणि बहुतेकांना त्रास काहीच नसतो.

लहान पोरांत पोटावरून मस्त दिसतं, अंगाने जाड माणसात नाही. मग अन्ननलिकेतून प्रोब घालून टीईई करतात, नाहीतर खळखळवलेलं सलाईन हाताच्या शिरेतून सोडून बुडबुडे डाव्या कप्प्यात लगेच पोचतात का ते बघतात.