मेक्सिकोची फुले मेक्सिकोच्याच अंगणात

मेक्सिको सिटीतला वसंत म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो जांभळ्या फुलांनी लगडलेला जॅकरांडा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. विसाव्या शतकात तात्सुगोरो मात्सुमोतो या जपानी माळ्यामुळे शहराच्या रस्त्यांवर आला. भिंतीवर चढलेली बोगनवेल ब्राझीलकडची, खिडकीतले जिरेनियम दक्षिण आफ्रिकेचे. डेलिया, झिनिया, कॉसमॉस, झेंडू आणि नाताळात दिसणारी लाल पानांची पॉइन्सेटिया ही मात्र खरी इथली. ती जगभर गेली आणि परत आली ती बरीचशी परदेशी पैदासकारांच्या हातून, रूप पालटून. घरच्या बागेत देशी फुले लावायला निघालेल्या मेक्सिकन माणसाला आधी हा गुंता सोडवावा लागतो.

स्पॅनिश लोक येण्याआधी इथे बागकामाची परंपरा चांगली मुरलेली होती. पंधराव्या शतकात अझ्टेक राजा पहिल्या मोक्तेसुमाने आजच्या मोरेलोस राज्यात वाश्तेपेक येथे बाग वसवली. किनाऱ्याकडच्या उष्ण प्रदेशातून झाडे मुळांभोवतीच्या मातीसकट आणवली, आणि त्यांची निगा जाणणारे माळीही सोबत बोलावले. पण राजाच्या बागेपेक्षा मला मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्कोची शेती जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथली रीत अजून चालू आहे. उथळ तळ्यात गाळ आणि पालापाचोळा रचून केलेल्या या वाफ्यांना चिनाम्पा म्हणतात. कालव्याच्या तळाचा गाळ उपसून पातळ थरात पसरतात. तो जरा आळला की सुरीने छोटे चौकोन कापतात, प्रत्येकात बोटाने खळगा करून बी टाकतात आणि वर बारीक खत भुरभुरतात. रोप हाताशी आले की मातीचा चौकोन तसाच उचलून लावायचा. मुळांना धक्का लागत नाही. या चौकोनाला चापिन म्हणतात. घरी एखाद्या ताटलीतही हे जमते.

डेलियाची नोंद स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचा वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेझ याने 1570 च्या दशकातच केली होती, पण युरोपात ते झाड फुलायला आणखी दोन शतके गेली. 1787 मध्ये स्पेनच्या राजाने वनस्पतींच्या शोधासाठी मोहीम धाडली, पुढच्या वर्षी मेक्सिको सिटीत वनस्पती उद्यान सुरू झाले आणि तिथून विसेंते सेर्वांतेस याने माद्रिदला डेलिया पाठवला. 1791 मध्ये स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोनियो होसे काव्हानियेस याने आंदर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून त्याचे नामकरण केले. कॉसमॉसचे बारसेही त्याच वर्षी, त्याच्याच हातून झाले.

यात एक गोष्ट सहसा निसटते. काव्हानियेसपुढे आलेला तो पहिला डेलिया अर्धवट दुहेरी (पाकळ्यांच्या एकाहून जास्त ओळी असलेला) होता, म्हणजे रानातून उपटलेला नव्हे, तर बागेत निवडून जोपासलेला. ‘रानफूल सापडले आणि युरोपने त्याचे सोने केले’ ही गोष्ट म्हणूनच अर्धीच खरी.

युरोपात हे झाड उष्ण देशातले समजून आधी गरम काचघरात कोंडले गेले. प्रत्यक्षात रानटी डेलिया थंड हवेच्या डोंगरात वाढतो. त्याचा कंद कोरड्या महिन्यांत जमिनीत निजतो, पावसाला फुटतो आणि पावसाळा सरता सरता फुलतो. कॉसमॉस आणि उंच झेंडूलाही दिवस आखूड व्हायला लागले की कळ्या धरतात. पावसाळ्यात पेरलेला झेंडू 1 आणि 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या सणाला वेदीवर हजर असतो तो त्यामुळेच. उत्तरेकडच्या देशांत मात्र फुले यायच्या सुमारास दव गोठू लागे, म्हणून तिथे लवकर फुलणारे वाण निवडले गेले.

सर्वात जास्त बदलली ती पॉइन्सेटिया. मेक्सिकोतले अमेरिकेचे पहिले राजदूत जोएल पॉइन्सेट यांनी ती 1828 च्या सुमारास मायदेशी धाडली. रानात ती माणसापेक्षा उंच, विरळ फांद्यांची झुडपे असतात. कुंडीतली गुटगुटीत पॉइन्सेटिया तशी भरते ती फायटोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाच्या संसर्गाने फुटवे वाढतात म्हणून. थोडक्यात, नाताळची ही शोभा एका आजाराची देणगी आहे! बाजारातल्या बहुतेक वाणांचे हक्कही परदेशी कंपन्यांकडे आहेत.

1963 मध्ये डेलियाला मेक्सिकोचे राष्ट्रीय फूल घोषित केले गेले, पण घोषणेने काही अंगणे बदलत नाहीत. त्याआधीच, 1940 च्या दशकात, वास्तुरचनाकार लुईस बारागान याने शहराच्या दक्षिणेला पेद्रेगालच्या लाव्हाच्या खडकावर वसाहत आखली, तेव्हा खडक आणि त्याच्या भेगांतली झाडे राखून घरे बसवायची असा त्याचा बेत होता. पुढे बांधकामे वाढली आणि त्यातले फार थोडे उरले. त्या रानाचा एक तुकडा 1983 पासून राष्ट्रीय विद्यापीठाच्या आवारात राखीव आहे.

आज बागेसाठी निवड करताना हा इतिहास उपयोगी पडतो. कुंडीतल्या बुटक्या संकरित झेंडूचे बी धरले तर पुढची पिढी आईसारखी निघेलच असे नाही. उंच गावठी झेंडूचे बी शेतकरी वर्षानुवर्षे राखत आले आहेत. गच्च दुहेरी डेलियात मधमाशीला परागापर्यंत पोचता येत नाही, एकेरी लाल डेलियात येते. तो कंदाने लावला तर पावसाळा संपल्यावर पाणी तोडावे. कोरड्या महिन्यांत तो ओल्या मातीत राहिला तर कुजतो.