समोरचा वारा आणि टाकीतलं पेट्रोल

मनालीहून बाइकवर लेहला गेलेला माणूस टंडीचा पेट्रोल पंप विसरत नाही. चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमाजवळचा हा छोटासा पंप, आणि तिथली ती पाटी: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. कितीतरी वर्षं ती पाटी वाचूनच लोकांनी टाक्या काठोकाठ भरल्या, पाच-पाच लिटरचे कॅन कॅरियरला आवळले आणि एकमेकांना विचारलं, ‘तुझी किती ॲव्हरेज देते रे?’

असाच एक पट्टा अलास्कात आहे. तेलवाहिनीच्या कामासाठी १९७४ साली डाल्टन हायवे बांधला गेला. लांबी ६६६ किलोमीटर, त्यातला मोठा भाग खडीचा. सर्वसामान्यांना तो शेवटपर्यंत खुला झाला १९९४ मध्ये. कोल्डफूट नावाची वस्ती मागे पडली की उत्तरेच्या डेडहॉर्सपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर पंप नाही, गॅरेज नाही, दुकानही नाही. कोल्डफूटच्या थोडं अलीकडे प्रॉस्पेक्ट क्रीक लागतं. तिथे २३ जानेवारी १९७१ रोजी उणे ६२.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, अमेरिकेतलं आजवरचं सर्वांत कमी. उन्हाळ्यात मात्र याच रस्त्यावर लोक मोटरहोम घेऊन जातात. स्वयंपाकघर, पलंग, फ्रिज, न्हाणीघर, सगळं चाकांवर.

त्यांनाही पहिला प्रश्न ॲव्हरेजचाच पडतो. मला वाटतं, गोंधळ तिथेच सुरू होतो. ॲव्हरेज म्हणजे सरासरी, आणि सरासरीत चांगले किलोमीटर वाईट किलोमीटरांना झाकून टाकतात. निर्जन रस्त्यावर आपल्याला भिडतात ते वाईटच.

आता आकडे मांडून बघू. अमेरिकेत सर्रास दिसणारं मध्यम मोटरहोम घ्या: फोर्डच्या ई-४५० चॅसीवर बांधलेलं, पेट्रोलवर चालणारं, भरल्यावर साडेसहा टनांचं, २०८ लिटरच्या टाकीचं. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिच्यातली जेमतेम पाव, म्हणजे ८ मेगाज्यूल, चाकांपर्यंत पोचते. बाकीची उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे निघून जाते. जी पोचते तिच्यावर दोन वाटेकरी टपलेले असतात. पहिला वाटेकरी म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातला विरोध. तो वजनाबरोबर वाढतो, खडीवर आणखी वाढतो, पण वेगाने फारसा बदलत नाही. दुसरा वाटेकरी हवा.

हवेचा हिसका आपल्या ओळखीचा आहे. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून आईचा ओरडा खाल्लेल्या प्रत्येकाने तो अनुभवलाय. गाडी चाळीसवरून ऐंशीवर गेली की तळहातावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, तो असा. आता तळहाताच्या जागी सात चौरस मीटरची जवळजवळ सपाट भिंत धरा. मोटरहोमचं तोंड तेवढं असतं.

खडीच्या रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ताशी ८० किलोमीटरने हे घर लिटरला साधारण ३.६ किलोमीटर जातं. डाल्टनवर वेगाची मर्यादाही तेवढीच आहे. आता समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला असं समजा. काटा ८० वरच आहे, पण गाडीच्या तोंडावर हवा आदळते ११० ने. ॲव्हरेज उतरतं २.४ वर. कोल्डफूट ते डेडहॉर्स या टप्प्याला १०६ लिटर लागले असते, तिथे १६० लागतात. गाडीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण असंच राहील.

लोकांना धास्ती असते ती खिंडीची. वाटेतली अटिगन खिंड १,४४४ मीटर उंच आहे, म्हणजे कोल्डफूटपेक्षा जवळपास ११०० मीटर वर. साडेसहा टन तेवढे वर उचलायला ७० मेगाज्यूल लागतात. लिटरमध्ये मोजलं तर फक्त नऊ! चढावर इंजिन घोंघावतं, गिअर खाली येतो, पोटात गोळा येतो, म्हणून तो खर्च डोळ्यात भरतो. वारा मात्र सपाट रस्त्यावर, गुपचूप, ५४ लिटर जास्तीचे घेऊन जातो. मला या सगळ्या हिशेबातली ही तुलना सर्वांत महत्त्वाची वाटते.

‘जाताना वारा समोर, येताना पाठीवर, फिटंफाट’ असं म्हणणारे खूप भेटतात. पण तशी फिटंफाट होत नाही, कारण पुन्हा तोच वर्ग. २०१५ च्या वसंतात सागवानिर्क्टोक नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि डेडहॉर्सकडचा डाल्टन हायवे बंद ठेवावा लागला. तसंच काही झालं आणि ३०० किलोमीटर जाऊन माघारी फिरावं लागलं तर? ८० च्या वेगाने जाताना १२४ लिटर, वारा पाठीवर घेऊन येताना ५४, मिळून १७८. वारा नसता तर १६५ मध्ये भागलं असतं. त्यात दोन्ही बाजूंच्या चढांचे पंधरा-सोळा लिटर घाला. २०८ च्या टाकीत उरतात चौदाच्या आसपास, आणि तळाचं थोडं तर पंपाला उचलताच येत नाही. सरासरी धरून निघालेला माणूस अडकतो तो नेमका इथे.

आता तोच प्रवास, तोच वारा, पण वेग ६०. जाताना ९५ लिटर, येताना ४२. एकूण १३७. वाचले ४१ लिटर, म्हणजे वीस लिटरचे दोन जेरीकॅन, तेही कुठेही न बांधता. त्याची किंमत जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास. छतावर कॅन बांधले तर ती भिंत आणखी उंच होते, आणि राहत्या खोलीत पेट्रोल ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. जादा पेट्रोल न्यायचंच असेल तर ते मागच्या बाजूला, बाहेर, घट्ट आवळून.

ॲव्हरेजच्या भाषेत आणखी एक खोट आहे. छोट्या कारचं ॲव्हरेज १२ वरून ११ झालं तर शंभर किलोमीटरला पाऊण लिटर जास्त जातं. मोटरहोमचं ४ वरून ३ झालं तर आठ लिटरहून जास्त. दोन्हीकडे घसरण ‘एका’चीच. म्हणून जड गाडीसाठी शंभर किलोमीटरला किती लिटर, असंच मोजावं. प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ भरून, वहीत लिहून. त्या वहीतली सर्वांत वाईट टाकी घेऊन पुढचा टप्पा आखावा. डॅशबोर्डवर ‘अजून इतके किलोमीटर’ म्हणून दिसतं, ते नुकत्याच झालेल्या प्रवासावरून काढलेलं असतं. रस्ता वळून वाऱ्याच्या तोंडी आला की तो आकडा धडाधड खाली येतो.

रात्रीचाही खर्च असतो. हीटरचा पंखा, दिवे, चार्जिंग यांसाठी लावलेला जनरेटर तासाला दीड-दोन लिटर पितो, आणि पेट्रोलच्या मोटरहोममध्ये तो बहुधा मुख्य टाकीतूनच. पण त्याची नळी टाकीच्या तळापर्यंत नेलेली नसते. ती साधारण पाव टाकीच्या उंचीवरच थांबवलेली असते. पेट्रोल तिथवर उतरलं की जनरेटर बंद पडतो, दिवे जातात, आणि खाली राहिलेलं सगळं इंजिनाच्या वाट्याला येतं.