हलक्या तंबूला जमीन लागते

दिवाळी सरली, भातकापणी आटोपली की कोकणातल्या रात्री उघड्यावर काढण्याजोग्या होतात. पुण्या-मुंबईची पोरं पाठीला सॅक लावून आरे-वारे, वेळणेश्वर, भोगवे अशा किनाऱ्यांवर उतरू लागतात, आणि मला दरवर्षी तोच प्रश्न येतो: दोघांसाठी हलका टेंट कुठला घेऊ? प्रश्नातले ‘दोघं’ आणि ‘हलका’ हे शब्द साधे दिसतात. त्यांच्यामागे दीडशेहून अधिक वर्षं आहेत, आणि त्यातलं बहुधा एकही वर्ष कोकणात गेलेलं नाही. घोळ तिथेच आहे.

आधी ‘दोघं’. तंबू आपल्याला नवे नव्हते. डेरे, शामियाने, कनाती, राहुट्या हे शब्द बखरींत पानोपानी भेटतात, आणि ‘डेरेदाखल होणं’ तर अजून बोलण्यात आहे. साध्या शिपायाच्या वाट्याला यायचं ते ‘पाल’: दोन हलक्या काठ्यांवर टाकलेलं, दोन्ही बाजूंनी उतरतं कापड. भटक्या जमातींच्या वस्त्यांवर हा शब्द आजही जिवंत आहे. पण आपल्याकडे लष्कराचं सामान बैल, उंट आणि तट्टं वाहत असत. पाठीवर कापड घेऊन चालायची वेळच आली नाही, तर ते हलकं करायचा विचार कोण करणार?

तो विचार करावा लागला पायदळाला. फ्रेंच फौजेची एक युक्ती अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) सर्रास वापरली गेली. प्रत्येक शिपायाजवळ कापडाचा एकच तुकडा, त्याच्या कडेला बटणं. रात्री दोघांनी आपापले तुकडे एकमेकांना जोडायचे, आधाराला काठ्या नसतील तर संगिनी जमिनीत रोवून बंदुकाच उभ्या करायच्या आणि आत शिरायचं. शिपाई थट्टेने त्याला कुत्र्याचा तंबू म्हणत. दोन माणसांचं माप आलं ते असं, अर्ध्या-अर्ध्या ओझ्याच्या हिशेबातून. ऐसपैस झोपण्याशी त्याचा संबंध तेव्हाही नव्हता. आजच्या पिशवीवर छापलेला ‘२’ सुद्धा एवढंच सांगतो की साधारण ५० सेंटीमीटर रुंदीच्या दोन मॅट शेजारी-शेजारी मावतील. सॅक, ओल्या चपला आणि नारळाची पिशवी त्यात धरलेली नसते.

आता ‘हलका’. ही गोष्ट आल्प्समधली. एडवर्ड व्हिम्पर हा इंग्रज चित्रकार १८६० च्या दशकात मॅटरहॉर्न शिखराच्या मागे लागला होता. त्याने तळाचं कापड तंबूलाच शिवून घेतलं आणि दोन्ही टोकांना काठ्यांच्या कैच्या लावल्या. पर्वतावरचे तंबू पुढे कितीतरी वर्षं याच घाटाचे होते. हा तंबू भक्कम होता, पण जड होता. आल्बर्ट ममरी नावाच्या दुसऱ्या इंग्रजाने मग वेगळाच विचार केला. गिर्यारोहकाच्या हातात बर्फाची कुऱ्हाड असतेच, तर निराळ्या काठ्या कशाला वाहायच्या? कुऱ्हाडी उभ्या रोवायच्या आणि वर पातळ रेशमी कापड ताणायचं. ममरी १८९५ मध्ये नंगा पर्वतावर गेला तो परत आला नाही. त्याच्या नावाचा तंबू मात्र गिर्यारोहकांत राहिला.

त्याच सुमारास डोंगर चढायची हौस नसलेला एक माणूसही वजनाच्या मागे लागला होता. थॉमस हायराम होल्डिंग व्यवसायाने शिंपी होता. सायकलवर तंबू बांधून फिरायचा आणि स्वतःचे तंबू स्वतः बेतायचा. १९०१ मध्ये त्याच्या पुढाकाराने इंग्लंडात सायकलवरून मुक्काम करणाऱ्यांची संघटना निघाली. केवळ मौज म्हणून तंबूत राहायचं, हे खूळ साध्या माणसांपर्यंत पोचवण्यात या शिंप्याचा वाटा मोठा आहे. व्हिम्पर-ममरींची नावं घेतली जातात, होल्डिंगचं कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

इथवर कापड सुती नाहीतर रेशमी होतं. सुती कापडाचा एक गुण आता विसरला गेला आहे. ते भिजलं की धागे फुगतात, विणीतली भोकं बुजतात आणि पाणी अडतं. कोरडं असलं की त्यातून हवा खेळते. दोष एकच, वजन, आणि भिजल्यावर तर विचारूच नका. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्सने नायलॉन तयार केलं. दुसऱ्या महायुद्धात ते पॅराशूटसाठी गेलं. ठरावीक अंतरावर जाड धागा घालून चौकड्या विणायच्या, म्हणजे एक चौकट फाटली तरी फाट पुढे पळत नाही, ही रिपस्टॉप वीण त्याच काळातली. आपल्या टेंटच्या कापडावर त्या बारीक चौकड्या आजही दिसतात. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतल्या तंबूंचं कापड सूत आणि नायलॉन एकत्र विणलेलं होतं. त्यानंतर सूत मागे पडत गेलं.

पण नायलॉनला पाणी अडवायला वरून लेप द्यावा लागतो, आणि लेप दिलेलं कापड श्वास घेत नाही. आतल्या दोघांच्या श्वासातली वाफ कापडाला आतून धरते आणि पहाटे टपटपते. त्यावरचा तोडगा म्हणजे दोन भिंती: आत हवेशीर कापड किंवा जाळी, बाहेर लेपाचा फ्लाय, मध्ये वीतभर पोकळी. बाहेरच्या पडद्यावर दव धरलं तरी अंगावर पडत नाही. दुकानात ‘डबल लेयर’ म्हणून विकतात ते हेच. कोकणात या पोकळीला सोन्याचं मोल आहे. मालवणात जानेवारीच्या पहाटे मोटारसायकलची सीट जशी ओलीचिंब असते, तसाच फ्लाय असतो. शिवाय ओलं नायलॉन सैलावतं. संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला टेंट पहाटे तीनला लोंबून आतल्या जाळीला टेकलेला असतो. पॉलिएस्टर थोडं जड, पण पाणी फारसं पीत नाही आणि उन्हातही जास्त टिकतं. म्हणून किनाऱ्यासाठी मी पॉलिएस्टरच्या बाजूचा.

१९७५ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ फेस कंपनीने बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन रचनाकाराच्या घुमटाच्या तत्त्वावर ‘ओव्हल इंटेन्शन’ नावाचा तंबू काढला. लवचीक पोल एकमेकांना छेदून वाकवायचे, म्हणजे ताण सगळीकडे वाटला जातो. घुमट वादळात टिकतो म्हणून त्याचं कौतुक झालं. माझ्या दृष्टीने त्याची खरी करामत वेगळी आहे: तो मेखांशिवाय उभा राहतो. वाऱ्याने उडू नये म्हणून बांधावा लागतो, पण उभं राहण्यासाठी त्याला जमिनीचे पाय धरावे लागत नाहीत. पुढे फायबरग्लासच्या जागी ॲल्युमिनियमचे पोल आले आणि घुमटही हलके झाले.

शेवटची उडी समुद्रातून आली. १९९२ च्या अमेरिकाज कप शर्यतीत जिंकलेल्या ‘अमेरिका क्यूब्ड’ या नौकेच्या शिडांसाठी एक अतिहलकं, पापुद्र्यासारखं कापड वापरलं होतं. नौकेच्या नावावरूनच त्याला क्यूबेन फायबर म्हणू लागले. आज ते डायनीमा म्हणून ओळखतात. त्याच दशकात रे जार्डिनसारखे लांब पल्ल्याचे वाटसरू सॅकमधला प्रत्येक ग्रॅम मोजायला शिकवत होते. शिडाचं कापड आणि हा हिशेब एकत्र आले, आणि दोघांचा तंबू पाऊण किलोच्याही खाली उतरला. पोल गायब झाले. चालायच्या काठ्या उभ्या करायच्या आणि कापड मेखांनी ताणायचं. म्हणजे शंभर वर्षांनी फिरून ममरीच.

हे सगळं कोकणाच्या कामाचं एका कारणाने आहे. तंबू जसजसा हलका होत गेला, तसतसा त्याचा भार माणसाच्या पाठीवरून उतरून जमिनीवर गेला. काठीवरचा तंबू मेखांच्या जिवावर उभा असतो. त्या मेखा आल्प्सच्या कुरणात किंवा अमेरिकेच्या रानमातीत घट्ट बसतात. आपल्याकडे काय आहे? खाली पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, आणि वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. पुळणीत मेख बोटाने निघते. सड्यावर जांभ्याचा कातळ, तिथे मेख शिरतच नाही. रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर मी माझ्या पहिल्या ‘अल्ट्रालाइट’च्या सहा मेखा अर्ध्या तासात वाकड्या केल्या आणि ती रात्र कापड अंगावर पांघरून काढली. सोबतचा मित्र अजून त्याला मच्छरदाणी म्हणतो.

सड्यावर मेखांऐवजी दगडांना दोर बांधता येतात. मात्र दगड उचलण्याआधी पायाखाली पाहावं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कित्येक सड्यांवर कातळशिल्पं आहेत, आणि ती आता युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. पुळणीवर सोपा उपाय: रिकाम्या पिशवीत वाळू भरायची, दोर बांधायचा आणि हातभर खोल पुरायची. वेळास-आंजर्ल्याच्या बाजूला कासवांच्या विणीच्या दिवसांत मात्र पुळण खणूही नये आणि रात्री तिच्यावर दिवेही लावू नयेत. सुरूच्या बनात मुक्काम छान वाटतो, पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरची आडवी झालेली झाडं पाहिलेला माणूस वारा असताना तिथे झोपणार नाही.

वाऱ्याचंही असंच. दिवसा खारा वारा समुद्राकडून, रात्री मतलई जमिनीकडून. संध्याकाळी दर्याकडे तोंड करून लावलेल्या एकदारी टेंटमध्ये मध्यरात्रीनंतर घुसमटायला होतं, कारण वाऱ्याने पाठ फिरवलेली असते. दोन बाजूंना दोन दारं हवीत. जमिनीपर्यंत घट्ट येणारा फ्लाय आणि जाळीऐवजी आत पूर्ण कापड ही बर्फवाल्यांची सोय आहे. दुकानदार ‘फोर-सीझन’ म्हणून महाग टेंट पुढे करतो, तेव्हा लक्षात ठेवावं की त्यातला चौथा ऋतू म्हणजे बर्फ. आणि ‘थ्री-सीझन’च्या तीन ऋतूंत आपला पावसाळा धरलेलाच नाही. लेबलवरच्या ‘३,००० मिमी’बद्दल एका गृहस्थांनी मला गंभीरपणे सांगितलं होतं, की कोकणात वर्षाला साधारण तेवढाच पाऊस पडतो, तेव्हा टेंट पुरेल. तो आकडा पावसाचा नव्हे, पाण्याच्या दाबाचा. तीन मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलेपर्यंत कापड झिरपत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

कोकणाचा खास शत्रू आणखी एक आहे, आणि तो घरात असतो. स्वस्त टेंटचा लेप पॉलियुरेथेनचा असतो. दमट उष्ण हवेत त्याचं हळूहळू विघटन होतं. माझा एक टेंट पावसाळाभर माळ्यावर घट्ट गुंडाळून पडला होता. ऑक्टोबरात उघडला तर चिकट झालेला, आणि वास असा की मांजरही जवळ येईना. सिलिकॉनचा लेप यात बराच बरा. कुठलाही असो, गोड्या पाण्याने खारटपणा धुवावा, सावलीत खडखडीत वाळवावा आणि जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरून ठेवावा. चेनलाही तेच पाणी दाखवावं. मीठ आणि वाळू मिळून चेन कापडाच्या आधी मारतात.

आता माझ्याकडे आहे तो पॉलिएस्टरचा घुमट: ॲल्युमिनियमचे पोल, आत सगळी जाळी, दोन दारं. वजन दोन किलो. त्यावर वाळू भरायच्या सहा रिकाम्या पिशव्यांचे शंभर ग्रॅम. मेखा मी घरीच ठेवतो.