जर्मनीत चर्च सोडणं आणि चर्चच्या कायद्यातलं सोडणं

जर्मनीत नोकरीला गेलेला वसईचा किंवा गोव्याचा कॅथलिक तिथे पत्ता नोंदवायला जातो, तेव्हा अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे ‘रोमन कॅथलिक’ लिहिलं की पगारातून चर्चकर कापला जाऊ लागतो. तो आयकराच्या ९ टक्के असतो, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के. तो बंद करायचा तर राज्याप्रमाणे स्थानिक न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात चर्च सोडल्याचं निवेदन द्यावं लागतं. २०२२ मध्ये पाच लाखांहून अधिक कॅथलिकांनी ते दिलं.

हे निवेदन दिलं की आपण कॅथलिक उरलो नाही, असं अनेकांना वाटतं. सरकारच्या वहीपुरतं ते खरं आहे. चर्चचा हिशोब वेगळा. बाप्तिस्म्याचा ठसा कायमचा, म्हणून एकदा कॅथलिक तो कायम कॅथलिक, ही त्याची जुनी भूमिका.

तरी चर्चच्या कायद्यातही मधली काही वर्षं एक वाट होती. १९८३ च्या कायद्यानुसार ‘औपचारिक कृतीने’ चर्च सोडणाऱ्याला लग्न चर्चच्याच विधीने करण्याचं बंधन नव्हतं. औपचारिक कृती कोणती, यावर मात्र गोंधळ. २००६ मध्ये रोमने खुलासा केला: सोडण्याचा मनापासून निर्णय हवा, तो उघड व्यक्त व्हायला हवा आणि बिशप किंवा धर्मगुरूने तो स्वीकारायला हवा. म्हणजे जर्मन कचेरीतली सही एवढ्याने भागत नव्हतं. पुढे २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ती तरतूदच काढली. आज चर्च सोडलेल्याचं लग्नही चर्चच्या नियमांतच मोजलं जातं.

मग सरकारी निवेदनाचा चर्चमध्ये काहीच परिणाम नाही का? आहे, आणि तो मला फार कठोर वाटतो. सप्टेंबर २०१२ च्या जर्मन बिशपांच्या आदेशानुसार असा माणूस पापनिवेदन किंवा कम्युनियन (पवित्र भाकरीचा संस्कार) घेऊ शकत नाही, बाप्तिस्म्याच्या वेळी कुणाचा धर्मपिता होऊ शकत नाही. चर्चचा दफनविधीही नाकारला जाऊ शकतो. कुणी विश्वास गमावून सही करतो, कुणी फक्त कर परवडत नाही म्हणून. दोघांना एकच वागणूक मिळावी, हे मला पटत नाही. ‘कर सोडतो, श्रद्धा नाही’ असं म्हणणारे कॅनन कायद्याचे, म्हणजे चर्चच्या कायद्याचे, प्राध्यापक हार्टमुट त्साप त्याच महिन्यात लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात हरले.

परत यायची इच्छा झाली तर धर्मगुरूंना भेटून पुन्हा प्रवेश घेता येतो. बाप्तिस्मा मात्र दुसऱ्यांदा देत नाहीत.