स्कॅनरची सेटिंग्ज : काय ठेवायचं, काय टाकायचं

२०१३ साली जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांच्यापुढे एक चमत्कारिक स्कॅन आला. एका बांधकामाचा आराखडा झेरॉक्स कंपनीच्या ‘वर्कसेंटर’ यंत्रावर स्कॅन केलेला होता. मूळ कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्यांवर १४.१३. आकडे पुसट नव्हते, तुटकही नव्हते. ठसठशीत, स्वच्छ आणि साफ चुकीचे होते. मग क्रीझेल यांनी नुसत्या आकड्यांचे तक्ते स्कॅन करून पाहिले, तेव्हा काही ठिकाणी ६ चा ८ झालेला सापडला.

यात काचेचा दोष नव्हता, दिव्याचा नाही की सेन्सरचाही नाही. घोळ होता फाइल लहान करण्याच्या पद्धतीत. जेबिग-२ नावाची ही पद्धत काळ्या-पांढऱ्या पानातले अक्षरांचे तुकडे गोळा करते, एकसारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवते आणि पानावर जिथे जिथे तसा तुकडा लागेल तिथे तोच चिकटवते. जागा प्रचंड वाचते. पण ‘एकसारखे’ कशाला म्हणायचं याची मर्यादा सैल ठेवली, तर बारीक टाइपातले ६ आणि ८ एकाच गठ्ठ्यात जातात. हा प्रकार फक्त कमी दर्जाच्या सेटिंगवर होतो आणि तशी सूचना आम्ही दिलेली आहे, अशी कंपनीची सुरुवातीची भूमिका होती. तो इतर सेटिंग्जवरही होतो हे क्रीझेल यांनी दाखवल्यावर सॉफ्टवेअरची दुरुस्ती आली.

स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रेफरन्सेस’ नावाचा जो भाग असतो, तो आपण सहसा उघडत नाही. उघडला तरी ‘फाइल कुठे ठेवू’ एवढं सांगून बंद करतो. पण तिथला जवळजवळ प्रत्येक पर्याय कागदावरची कोणती माहिती उचलायची आणि कोणती टाकून द्यायची हे ठरवत असतो. त्यातली काही टाकाटाक नंतर भरून काढता येते. पान थोडं फिकट आलं तर गडद करता येतं, वाकडं आलं तर सरळ करता येतं. काही टाकाटाक मात्र कायमची असते. कोणती सेटिंग कुठल्या प्रकारात मोडते एवढं कळलं, की निम्मं काम झालं.

आधी रिझोल्यूशन, कारण तिथे आकड्यांचा मोह सगळ्यात जास्त. सपाट काचेच्या स्कॅनरमध्ये प्रकाश मोजणाऱ्या बारीक घटकांची आडवी रांग असते. ती रांग कागदाखालून सरकत जाते आणि ओळीमागून ओळ टिपत जाते. ३०० डीपीआय म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, म्हणजे प्रत्येक ठिपका साधारण ०.०८५ मिलिमीटरचा. आता हिशेब करू. ए-४ कागद ३०० डीपीआयवर २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचा होतो, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात, म्हणजे न आवळलेली फाइल साधारण २६ एमबीची. डीपीआय दुप्पट केला की ठिपके चौपट होतात, त्यामुळे ६०० वर तेच पान १०४ एमबी आणि १२०० वर चारशेच्या पुढे.

एवढे ठिपके घेऊन मिळतं काय, हे मूळ वस्तूत किती बारकावे आहेत यावर ठरतं. एखादी रेघ नीट उमटायला तिच्या रुंदीवर किमान एक-दोन ठिपके पडावे लागतात. नेहमीच्या छापील मजकुराला ३०० पुरतात, तळटीपांच्या बारीक टाइपाला ४०० किंवा ६०० बरे. कागदावर छापलेल्या फोटोत ६०० च्या पुढे बहुधा कागदाचा पोतच दिसायला लागतो. फिल्मचं गणित वेगळं आहे. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट जेमतेम ३६ गुणिले २४ मिलिमीटरची असते. ती ३०० डीपीआयवर स्कॅन केली तर सव्वाचारशे ठिपके रुंदीचं चित्र हाती येतं, कशाच्याच उपयोगाचं नसलेलं. ३००० वर घेतली, तर १ कोटी २० लाख ठिपके मिळतात. म्हणजे ‘किती डीपीआय ठेवू’ या प्रश्नाला वस्तू हातात घेतल्याशिवाय उत्तर नाही.

खोक्यावरचे आकडे वाचताना मात्र सावध राहावं. ‘४८०० गुणिले ९६००’ असं लिहिलेलं असतं तेव्हा पहिला आकडा सहसा सेन्सरचा आणि दुसरा मोटर किती बारीक पावलं टाकते त्याचा असतो. त्याच्याही वरचे, हजारोंच्या घरातले आकडे ‘इंटरपोलेटेड’ असतात. तिथे सॉफ्टवेअर दोन खऱ्या ठिपक्यांच्या मध्ये अंदाजाने तिसरा घालतं. त्याने फाइल फुगते, माहिती तीळभरही वाढत नाही. हा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये दिसला तर खुशाल बंद करावा. कधी मोठं चित्र हवं झालंच, तर हे काम नंतर कुठलंही फोटोचं सॉफ्टवेअर करू शकतं.

रंगीत, ग्रेस्केल (म्हणजे करड्या छटांचं) की निव्वळ काळं-पांढरं? ही निवड किरकोळ वाटते, पण सगळ्यात जास्त माहिती इथेच गळते. संगणकात चित्र स्कॅन करण्याची सुरुवातच या अडचणीपासून झाली. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो ‘सीॲक’ नावाच्या संगणकात घातला. चित्र १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचं होतं. त्यांचं यंत्र प्रत्येक ठिपक्याला फक्त ‘काळा’ किंवा ‘पांढरा’ एवढंच म्हणू शकत होतं आणि त्यात चेहरा सपाट दिसायचा. म्हणून त्यांनी तोच फोटो वेगवेगळ्या उंबरठ्यांवर पुन्हा पुन्हा स्कॅन केला आणि ती चित्रं एकावर एक चढवून करड्या छटा मिळवल्या.

तो उंबरठा आजही सॉफ्टवेअरमध्ये ‘थ्रेशोल्ड’ या नावाने बसलेला आहे. ० ते २५५ या छटांपैकी अमुक आकड्याच्या खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं. सॉफ्टवेअरने तो आकडा आपोआप ठरवायचा असेल तर ओत्सू पद्धत बरीच वापरात आहे. नोबुयुकी ओत्सू यांनी ती १९७९ मध्ये मांडली. पानातल्या छटांचे दोन गट असे पाडायचे की प्रत्येक गटाच्या आतला विखुरलेपणा कमीत कमी राहील, ही तिची कल्पना. स्वच्छ छापील पानावर ती झकास चालते. पण जुनं, पिवळं पडलेलं, शिवणीकडे सावली आलेलं पुस्तक घ्या. अख्ख्या पानाला एकच आकडा लावला की शिवणीजवळचा मजकूर काळ्या पट्ट्यात बुडतो आणि कडेची फिकट अक्षरं उडून जातात. ‘अडॅप्टिव्ह’ असा पर्याय असला तर तो पानाच्या प्रत्येक भागाला वेगळा उंबरठा लावतो. मी तरी कुठलंही जुनं पान ग्रेस्केलमध्येच घ्यावं या मताचा आहे. ग्रेस्केलचं काळं-पांढरं कधीही करता येतं, उलटा रस्ता नाही.

याच रांगेत ‘डिस्पेकल’ बसलेलं असतं, म्हणजे बारीक ठिपके साफ करणारी सोय. धुळीचा कण आणि दशांशचिन्ह यांतला फरक तिला कळत नाही. नेहमीच्या आकाराच्या मजकुरातलं टिंब साधारण ०.४ मिलिमीटरचं असतं. ३०० डीपीआयवर ते पाचएक ठिपके रुंद येतं, १५० वर दोन-तीन. कमी रिझोल्यूशन आणि जोरदार डिस्पेकल अशी जोडी जमली की १२.५ चे १२५ होतात. देवनागरीला तर दुप्पट धोका, कारण आपल्याकडे अनुस्वार, नुक्ता आणि विसर्ग सगळे टिंबांवरच चालतात. हिशेबाची किंवा मराठी मजकुराची पानं असतील तर हा पर्याय बंदच बरा. पानावर थोडे डाग राहिले म्हणून कोणाचं बिघडत नाही.

आता बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक ठिपक्याची छटा किती पायऱ्यांत मोजायची ते. प्रत्येक रंगाला ८ बिट दिले तर २५६ पायऱ्या मिळतात, १६ बिट दिले तर ६५,५३६. साध्या कागदपत्रांना ८ पुरून उरतात. फोटोत, त्यातही काळवंडलेल्या जुन्या फोटोत, गोष्ट बदलते. सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो, म्हणजे दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा. त्यामुळे २५६ पैकी वरच्या १२८ पायऱ्या फक्त सर्वांत उजळ भागातच खर्च होतात. त्याच्या निम्म्या उजेडाला ६४ उरतात, त्याच्याही निम्म्याला ३२, आणि अंधाऱ्या कोपऱ्यांच्या वाट्याला मोजक्याच येतात. आपल्या डोळ्यांना नेमके गडद भागातले फरक जास्त जाणवतात. म्हणून सेन्सरच्या आकड्यांना वाकवून गडद भागाला जास्त पायऱ्या दिल्या जातात, यालाच गॅमा म्हणतात. नेहमीच्या पडद्यांसाठी तो २.२ च्या आसपास असतो. गडद फोटो ८ बिटमध्ये घेऊन नंतर उजळायला गेलं की सावल्यांमध्ये पट्टे पडतात, कारण मधल्या पायऱ्या मुळात उचललेल्याच नव्हत्या. दुरुस्ती करायची असलेले फोटो १६ बिटमध्ये घ्यावेत. फाइल दुप्पट होते, ती सोसावी.

‘ऑटो एक्सपोजर’, म्हणजे उजेड-गडदपणा आपोआप ठरवणारी सोय, हिच्याबद्दल एक छोटी गोष्ट. आधी प्रीव्ह्यू घेऊन चौकट फक्त फोटोभोवती ओढून घ्यावी. नाहीतर सॉफ्टवेअर झाकणाचा पांढरा भागही हिशेबात धरतं, त्यालाच सर्वांत उजळ समजतं आणि फोटो मळकट येतो. पातळ कागदातून मागचा मजकूर दिसत असेल, तर सेटिंगशी झुंजण्यापेक्षा कागदामागे काळा कागद ठेवावा. कागदातून आरपार जाऊन मागच्या पांढऱ्या झाकणावरून परतणारा प्रकाशच तो शोषून घेतो.

मासिकातलं किंवा वर्तमानपत्रातलं चित्र स्कॅन केलं की त्यावर कापडासारखी जाळी दिसते. छपाईचं चित्र मुळात शाईच्या ठिपक्यांच्या ओळींचं असतं. वर्तमानपत्रात इंचाला साधारण ८५ ओळी, गुळगुळीत कागदाच्या मासिकात १३३ ते १५०. ही जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकींवर पडल्या की मूळ चित्रात नसलेली तिसरीच नक्षी तयार होते. तिला मॉयरे म्हणतात. ‘डिस्क्रीन’ हा पर्याय तिच्यासाठीच आहे. छापील चित्रांना तो लावावा. खऱ्या फोटोला लावला तर फोटो उगाच मऊ होतो, आणि तो मागच्या वेळचा चालू राहिलेला असतो हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

फिल्म स्कॅनरमधली धूळ काढण्याची युक्ती मला या सगळ्यात सुंदर वाटते. रंगीत फिल्ममधले रंग अवरक्त प्रकाशाला पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे नसतात. म्हणून यंत्र अवरक्त प्रकाशात एक जादा स्कॅन घेतं. त्यात जे काही दिसेल ते चित्राचा भाग नाही हे नक्की, मग तेवढंच भरून काढायचं. जुन्या कृष्णधवल फिल्मवर मात्र हे चालत नाही. तिथलं चित्र चांदीच्या कणांचं असतं, चांदी अवरक्त प्रकाशही अडवते, आणि सॉफ्टवेअर चित्रालाच कचरा समजायला लागतं. अशा फिल्मला तो पर्याय बंद ठेवावा.

शेवटी साठवणूक. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीक चढउतार कमी करत जातं. फोटोत हे सहसा कळत नाही. अक्षरांच्या कडा म्हणजे मात्र तीव्र चढउतारच, त्यामुळे तिथे धुरकट कण दिसू लागतात. शिवाय जेपेग अनेकदा रंगांची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाव्याने ठेवतं. मजकुरावर उमटवलेला लाल शिक्का किंवा लाल शाईची बारीक सही फिसकटलेली दिसते, ती यामुळे. मूळ प्रत टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवावी आणि पाठवायला लागेल तेव्हा तिच्यापासून जेपेग काढावं. पीडीएफ करताना ‘कॉम्पॅक्ट’ किंवा ‘हाय कॉम्प्रेशन’ असे पर्याय दिसतात, तिथे जरा थांबावं. पानातला मजकूर आणि पार्श्वभूमी वेगळी काढून दोन्हींना निरनिराळ्या पद्धतींनी आवळण्याचे प्रकार याच नावांखाली चालतात. ‘सर्चेबल पीडीएफ’, म्हणजे ज्यात शब्द शोधता येतात असं पीडीएफ, हवं असेल तर ओळखायची भाषा मराठी निवडलेली आहे ना ते बघावं. इंग्रजी राहिली तर पान दिसतं नीटच, पण त्यामागे दडलेल्या मजकुराच्या थरात नुसता कचरा भरतो आणि शोधलेला शब्द कधी सापडत नाही.

आणखी एक गोंधळ हमखास होतो. यंत्राच्या ड्रायव्हरमध्ये (यंत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एक शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणारी सोय, असतं आणि स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरं. दोन्ही चालू राहिली की अक्षरांभोवती पांढऱ्या कडा येतात. सुधारणा एकाच ठिकाणी करावी, आणि जमल्यास स्कॅन झाल्यानंतर.

नवी सेटिंग्ज कायम करण्याआधी सर्वांत बारीक आकडे असलेलं पान निवडून दोन वेगळ्या सेटिंग्जवर स्कॅन करावं. पडद्यावर पान मावेल इतकं लहान करून पाहू नये, कारण तेव्हा पडदा स्वतःच ठिपके गाळत असतो. १०० टक्क्यांवर आणून ६ आणि ८, ३ आणि ९, दशांशचिन्हं आणि अनुस्वार मूळ कागदाशेजारी धरून तपासावेत. त्यातून जी सेटिंग उतरेल ती ‘मजकूर’ अशा नावाने प्रोफाइल करून ठेवावी. फोटोंसाठी वेगळं प्रोफाइल करावं, कारण बरीचशी सॉफ्टवेअर्स मागच्या कामाची सेटिंग तशीच धरून पुढचं काम सुरू करतात.