स्कूबा डायव्हिंग आणि सागरी जीवांविषयीचे संकेत

स्कूबा डायव्हिंग (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणे) करताना प्रवाळ, मासे, कासवे आणि इतर सागरी जीवांना इजा वा त्रास होऊ नये म्हणून पाळायचे नियम व रिवाज. काही सागरी उद्यानांत ते कायद्याने बंधनकारक आहेत. एरवी त्यांची भिस्त डायव्हिंग केंद्रांवर आणि गाईडवर असते. फ्रान्सचे नौदल अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये मागणीनुसार हवा पुरवणारा रेग्युलेटर तयार केला. त्यानंतरची बरीच वर्षे पाण्याखाली भाल्याने मासे मारणे किंवा प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून वर आणणे यात कोणाला फारसे वावगे वाटत नसे. ‘बघा, पण हात लावू नका’ हा संकेत पुढे रुळला.

प्रवाळखडक दगडासारखा दिसला तरी त्याचा वरचा थर जिवंत असतो. चुन्याच्या सांगाड्यावर पॉलिप नावाच्या बारीक जीवांचे पातळ आवरण असते. ते घासले गेले की जखमेवर शेवाळ चढते किंवा रोग शिरतो. भरीव, गोलाकार जाती वर्षाला काही मिलिमीटर ते एखाद-दुसरा सेंटिमीटर वाढतात. फांद्यांच्या जाती भराभर वाढतात, पण मोडतातही त्याच जास्त.

हे नुकसान बहुतांशी हातांनी नव्हे, तर फिनांनी (पायांत घालायच्या पोहण्याच्या वल्ह्यांनी) होते, आणि तेही नकळत. पाण्याखाली जाण्यासाठी अंगावर बांधायचे शिसे गरजेपेक्षा जास्त घेतलेला डायव्हर पाय खाली सोडून तिरका पोहतो आणि बुडू नये म्हणून सतत लाथा मारत राहतो. त्या लाथांनी उडालेली वाळू शेजारच्या प्रवाळावर बसते. मागे काय मोडले हे त्याला दिसतही नाही. वजन बेताचे असेल, तर शरीर आडवे ठेवून केवळ श्वासावर उंची सांभाळता येते : श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली. वाळूजवळ पाय वरखाली न मारता बेडकासारखे बाजूला मारतात. लोंबणारा प्रेशर गेज (टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा मापक) आणि जादा रेग्युलेटर जॅकेटला अडकवून ठेवतात. थोडक्यात, हा सद्भावनेपेक्षा कौशल्याचा प्रश्न आहे. निसर्गप्रेमी पण नवखा डायव्हर बेफिकीर पण सराईत डायव्हरपेक्षा जास्त मोडतोड करू शकतो. हातमोजे घातले की माणूस बिनधास्त कुठेही हात टेकतो, म्हणून कॅरिबियनमधील बोनेर बेटाच्या सागरी उद्यानात त्यांना मनाई आहे.

कॅमेरा हाती आला की तोल दुय्यम ठरतो. कॅरिबियनमधील सेंट लुसिया बेटावरील एका पाहणीत कॅमेरेवाले डायव्हर इतरांपेक्षा जास्त वेळा प्रवाळाला लागलेले आढळले. तिथे बोटीवरच्या त्रोटक सूचनांनी काही साधले नाही. गाईडने पाण्यात टोकल्यावर मात्र स्पर्श कमी झाले. इजिप्तमधील रास मोहम्मद येथे सविस्तर माहिती आणि पाण्यातले प्रात्यक्षिक यांचा उपयोग झाल्याचे दिसले. फ्लॅशवर बरीच टीका होते, पण समुद्रघोड्यांसारख्या तळाशी राहणाऱ्या माशांवरील संशोधनात फ्लॅशपेक्षा त्यांना हलवणे, ढोसणे याचाच त्रास अधिक दिसून आला. चांगल्या फोटोसाठी धातूच्या काठीने प्राणी सरकवून देणारा गाईड, बक्षिशीच्या आशेने का होईना, सर्वांत वाईट धडा घालून देतो. फुगा मासा फुगवून दाखवणे हाही त्यातलाच प्रकार. तो फुगतो तो जिवाच्या भीतीने.

कासवाला श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते, त्यामुळे त्याचा पाठलाग करू नये आणि वरची वाट अडवू नये. मांटा रे (पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे) ठराविक खडकांवर येऊन छोट्या माशांकडून परजीवी काढून घेतात. अशा जागी डायव्हरने कडेला, खाली राहायचे असते. मध्ये घुसले की मांटा निघून जातात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील निंगालू येथे देवमुशीजवळ (व्हेल शार्क) स्नॉर्केलिंगच, म्हणजे टाकीविना पृष्ठभागावर नळीने श्वास घेत पोहणेच, करता येते आणि एका वेळी जास्तीत जास्त १० जणांना पाण्यात उतरता येते. याउलट फिलिपीन्समधील ओस्लोब येथे देवमुशींना खाद्य टाकून पर्यटकांसाठी रोज थोपवून धरले जाते आणि त्यावर कडाडून टीका होते. शार्कना खाद्य घालण्यास फ्लोरिडाने आपल्या सागरी हद्दीत २००२ पासून बंदी केली.

समुद्राचे तापमान वाढल्याने होणाऱ्या विरंजनापुढे (प्रवाळ पांढरे पडून दुबळे होणे) डायव्हरांचा उपद्रव किरकोळच. पण तो त्याच त्या लोकप्रिय जागांवर रोज होतो आणि विरंजनातून सावरणाऱ्या प्रवाळाला तेवढाही जड जातो. बोटीचा एक नांगर कित्येक डायव्हरांहून जास्त मोडतो. त्यामुळे नांगर न टाकता बोट बांधता यावी म्हणून कायमचे बोया (तरंगते खुंटे) बसवणे हा सर्वांत सरळ उपाय. मलेशियातील सिपादान बेटावर दररोज मोजकेच परवाने दिले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पाठबळावर २००४ मध्ये सुरू झालेला ‘ग्रीन फिन्स’ हा उपक्रम डायव्हिंग केंद्रांचे मूल्यमापन करतो. प्रवाळाला घातक मानले जाणारे ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या सनस्क्रीनवर प्रशांत महासागरातील पलाऊ या देशाने २०२० पासून निर्बंध घातले; हवाईत २०२१ पासून त्यांची विक्री बंद झाली.

‘काहीही मारू नये’ या नियमाला एक ठळक अपवाद आहे. मूळचा हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश कॅरिबियनमध्ये शिरून स्थानिक मासे फस्त करतो, म्हणून तिथे प्रशिक्षित डायव्हरना तो भाल्याने टिपण्यास प्रोत्साहन दिले जाते.